पडलेल्या दरडीची माती

(विहाराच्या वर्धापनदिन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला बोलायला 'कृतज्ञता' हा विषय दिला. मी शाळेत चित्रकला आणि मातीकाम शिकवणारा मास्तर. धम्मावर बोलण्याचा अधिकार भन्तेजींचा. तेव्हा मी माझ्या कामाच्या अंगाने, म्हणजे मातीच्या अंगाने बोलणार आहे. संकटात ज्यांनी आपल्याला हात दिला, त्यांना टाकाऊ मातीतून स्वतःच्या हाताने घडवलेली एखादी वस्तू द्यावी, एवढाच माझा विषय. विषय छोटा वाटेल, पण त्याच्या पोटात बरेच काही आहे.

ऑगस्ट २०१९ चा महापूर इथे कोणाला सांगायला नको. धोक्याची पातळी ४५ फूट. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले. घरातली भांडी, मुलांची दप्तरे, लग्नातले फोटो, सगळे चिखलात गेले. पण त्याच दिवसांत माणसेही धावून आली. कोणी होडी आणली, कोणी भाकरी थापून पाठवल्या, कोणी फावडे घेऊन गटारात उतरले. पाणी ओसरले, आपण घरे धुतली, भिंतींना रंग दिला आणि कामाला लागलो. धन्यवाद म्हणायचे राहून गेले. समितीने हा विषय का निवडला असेल, ते यावरून माझ्या ध्यानात आले.

महामंगल सुत्त आपण घरोघर म्हणतो. त्यात तथागतांनी जी मंगले सांगितली, त्यांत कृतज्ञता हे एक मंगल आहे. अंगुत्तर निकायात तर भगवंतांनी सांगितले आहे की जगात दोन प्रकारची माणसे मिळणे दुर्मिळ. एक, जो आपणहून आधी उपकार करतो तो. दुसरा, जो केलेले जाणतो आणि त्याची फेड करतो तो. म्हणजे नुसते मनात ठेवून भागत नाही. जाणायचेही आहे आणि कृतीतून दाखवायचेही आहे.

पण बंधू-भगिनींनो, इथे आपल्या समाजाला एक अडचण आहे, ती मोकळेपणाने बोलू. कृतज्ञता हा शब्द आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला फार वाईट रीतीने आला. गावकीची कामे करायची, रात्री-अपरात्री सांगावे पोहोचवायचे, मेलेली ढोरे ओढायची, आणि त्याच्या बदल्यात खळ्यावरचे मूठभर धान्य घेताना जोहार घालायचा. ती होती मजुरी, पण द्यायची भीक म्हणून. आणि वर अपेक्षा अशी की यांनी उपकार मानले पाहिजेत! म्हणून आजही कोणी 'उपकार' म्हटले की आपल्यातल्या जुन्या माणसांच्या कपाळाला आठी पडते. ती आठी मला योग्यच वाटते.

पुरातही आपण हे पाहिले. मदतीचे एक पाकीट हातात देताना फोटो काढायचा, हात पुढे केलेला दिसला पाहिजे, मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितले पाहिजे. कोणी केले त्याचे नाव मी घेत नाही, गरजही नाही. पण रांगेत उभ्या असलेल्या आपल्या एका म्हातारीने पाकीट न घेता पाठ फिरवली, हे मी डोळ्यांनी बघितले. ती कृतघ्न होती काय? मुळीच नाही. फावडे घेऊन आलेल्या पोरांना तिने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने चहा पाजला. हा फरक तिला कळत होता.

बाबासाहेबांनी हा फरक फार स्पष्ट सांगून ठेवला आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी डॅनियल ओ'कॉनेल या आयरिश देशभक्ताचा दाखला दिला. देशाची सेवा करणाऱ्या थोरांविषयी कृतज्ञ राहण्यात वावगे काही नाही, पण कृतज्ञतेलाही मर्यादा आहे. आपली अब्रू किंवा देशाचे स्वातंत्र्य देऊन कृतज्ञता दाखवता येत नाही, असा त्या म्हणण्याचा आशय. म्हणजे एकीकडे तथागत कृतज्ञतेला मंगल म्हणतात, दुसरीकडे बाबासाहेब तिची सीमा आखून देतात. या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी कशा बसवायच्या? माझे उत्तर असे की, मान खाली घालून मानतात ते उपकार, आणि डोळ्याला डोळा भिडवून परत देतात ती कृतज्ञता. परत द्यायला पैसाच लागतो असे नाही. हात लागतात.

आता तुम्ही म्हणाल, परत द्यायचे तर मातीचेच का? हा प्रश्न रास्त आहे. त्यातून आपल्याला मातीच्या भांड्याची एक जखमही आहे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, याची नोंद बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात केली आहे. पुढे चहाच्या टपरीवर आपल्यासाठी वेगळा कप ठेवलेला असे, तोही आपल्यातल्या अनेकांनी पाहिला आहे. परवा एका तरुणाने मला विचारलेच, "सर, गळ्यातलं मडकं बाबासाहेबांनी उतरवलं, आता तुम्ही ते परत हातात कशाला देता?"

मी त्याला घटिकार कुंभाराची गोष्ट सांगितली. ती मज्झिम निकायात आहे, घटिकार सुत्त या नावाने. काश्यप बुद्धांच्या काळातला हा कुंभार. आंधळ्या, म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळणारा. तो मातीसाठी जमीन खणत नसे, कारण खणताना जिवाणू मरतात. मग माती आणायचा कुठून? नदीकाठची कोसळलेली दरड आणि उंदरांनी उकरून टाकलेली माती, एवढीच तो उचलून आणी. म्हणजे जी पडली, जी कोणाच्या उपयोगाची राहिली नाही, ती! तिची भांडी करी आणि मांडून ठेवी. ज्याला हवे त्याने तांदूळ, मूग, वाटाणे जे जमेल ते ठेवावे आणि पाहिजे ते भांडे न्यावे. घासाघीस नाही.

या कुंभाराची कीर्ती ऐकून काशीच्या किकी राजाने त्याच्याकडे पाचशे गाड्या तांदूळ पाठवला. घटिकाराने नम्रपणे परत पाठवला. राजालाच पुष्कळ कामे आहेत, हे त्याच्याकडेच असू द्यावे, असे त्याचे म्हणणे. आणि हाच माणूस, काश्यप बुद्धांची कुटी गळू लागली आणि भिक्खूंनी त्याच्या घराचे छप्पर उतरवून गवत नेले, तेव्हा मनापासून आनंदला. राजाच्या पाचशे गाड्यांना नको म्हणणारा आणि डोक्यावरचे छप्पर हसत देणारा असा हा कुंभार. कोणाकडून काय घ्यावे आणि कोणाला काय द्यावे, हे त्याला ठाऊक होते. त्या तरुणाला मी म्हटले, मडक्याला जात नसते बाबा. ते कोणी कोणाच्या गळ्यात बांधले आणि कोणी कोणाच्या हातात दिले, यावर सारे ठरते.

ही झाली सुत्तातली गोष्ट. आता आपल्या काळातली, जपानची सांगतो. तोही तथागतांना मानणारा देश, आणि भूकंप, त्सुनामी यांची त्याला सवय. पण त्याच्यावर कोसळलेले एक संकट माणसानेच आणले होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत अंदाजे १,४०,००० माणसे मेली. घरांवरची कौले म्हणजे भाजलेली मातीच. त्या उष्णतेने कौलांचा वरचा थर क्षणात वितळला, त्यावर फोड आले. अशी हजारो कौले मोतोयासू नदीच्या तळाशी जाऊन पडली.

पुढे १९४९ मध्ये हिरोशिमा विद्यापीठ स्थापन झाले. ग्रंथालयाला पुस्तके नाहीत, आवारात झाड नाही. पहिले अध्यक्ष तात्सुओ मोरितो यांनी जगभरच्या विद्यापीठांना पत्रे लिहून पुस्तके आणि रोपे मागितली. अनेकांनी ती पाठवली. कित्येक वर्षे लोटली. मग त्याच विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याच्या मनात आले की त्या मदतीची फेड व्हायला हवी. त्याने सोबत्यांना घेऊन नदीत उतरून ती पोळलेली कौले वेचली, आणि धन्यवाद म्हणून जगभरच्या विद्यापीठांना पाठवली. विचार करा, भेट काय, तर फुटक्या कौलाचा तुकडा! बाजारात त्याला कवडीची किंमत नाही. पण घेणाऱ्याला तो सांगतो, तुम्ही आमच्यासाठी केलेत ते आम्ही विसरलो नाही, आणि हे जे झाले ते तुम्हीही विसरू नका. त्याच नदीकाठी १९८२ मध्ये हायस्कूलच्या मुलांच्या पुढाकाराने एक स्मारक उभे राहिले आहे. त्यातही नदीतून वर काढलेली कौले बसवलेली आहेत. मुलांनो, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगितले.

दुसरे उदाहरण ११ मार्च २०११ च्या त्सुनामीचे. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर ओनागावा म्हणून मच्छीमारांचे छोटे गाव आहे. दहा हजारांच्या आसपास वस्ती. त्यातली आठशेहून अधिक माणसे गेली. आपल्या देशाच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे ४६ जण त्या वेळी तिथे शोधकामाला गेले होते. या दलाची ती परदेशातली पहिलीच मोहीम. म्हणजे त्या चिखलात आपल्या माणसांचेही हात लागलेले आहेत. पुढे त्या गावात स्थानिक लोकांनी मातीच्या रंगीत फरश्या बनवणारी एक कार्यशाळा काढली. वाहून गेलेल्या गावाला रंग परत यावा, आणि राहिलेल्यांना काम मिळावे, हा हेतू. शेजारच्या इशिनोमाकी शहरात त्सुनामीनंतर जिकडे तिकडे फुटक्या कपबशांचे तुकडे पडले होते. तिथल्या स्त्रियांनी ते वेचले, धुतले, घासून गुळगुळीत केले आणि त्यांचे दागिने घडवायला सुरुवात केली. २०१२ मध्ये सुरू झालेल्या या कामाचे नाव 'नोझोमी', म्हणजे आशा. त्या स्त्रिया कोणासमोर हात पसरत नाहीत. कोणाच्या तरी घरातली फुटकी बशी त्यांच्या हातून कोणाच्या तरी गळ्यात सन्मानाने जाते. गळ्यातल्या मडक्याची गोष्ट मी मघाशी सांगितली, आणि गळ्यातल्या या तुकड्याची आता सांगितली. दोन्ही मातीच. अंतर मात्र जमीन-अस्मानाचे!

आता कामाचे बोलू. नाहीतर भाषण ऐकले, टाळ्या वाजवल्या आणि घरी गेलो, असे व्हायचे.

माती वाया जात नाही, ही पहिली गोष्ट. मुलांनी केलेली वस्तू बिघडली, कुंभाराच्या चाकावरचे मडके बसले, कडेचे तुकडे कापून पडले, ही सगळी माती भट्टीत गेलेली नसेल तर पुन्हा वापरता येते. कृती सोपी आहे. तुकडे उन्हात कडकडीत वाळवायचे. अर्धवट ओले तुकडे पाण्यात टाकले तर लवकर विरघळत नाहीत, पूर्ण वाळलेले मात्र बघता बघता विरतात. आधी कोरडे व्हायचे, मग पाणी प्यायचे! ते फोडून बादलीत भिजत घालायचे, दोन-तीन दिवसांनी ढवळून चाळणीतून गाळायचे, खडे-काड्या काढायच्या. तो राबडा जुन्या चादरीवर पसरून विटांवर ठेवायचा, पाणी निथळले की गोळा करून चांगला तिंबायचा. पोळीची कणीक मळता तशी, पण दुप्पट जोर लावून, आतली हवा निघेपर्यंत. महिला मंडळाला हे मी शिकवायची गरज नाही.

दुसरी गोष्ट भाजलेल्या खापराची. एकदा भट्टीत गेलेली माती पाण्यात विरघळत नाही. तिची पुन्हा ओली माती होत नाही. पण ते खापर कुटून, चाळून त्याची भुकटी नव्या मातीत मिसळली, तर वाळताना वस्तू कमी आकसते आणि भाजताना तडकण्याची भीती कमी होते. आपल्या काळ्या मातीला तर याची फार गरज. ती पाण्याने फुगते आणि वाळताना भेगाळते. म्हणून तर कुंभार मातीत राख, लीद मिसळतात. एकदा आगीतून गेलेले आणि फुटलेले जे आहे, ते नव्याला तडा जाऊ देत नाही. यावर मी प्रवचन करत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बघा, म्हणजे कळेल.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. भावनेच्या भरात कोणी पुराचा गाळ घरातून काढून त्याची वाडगी करू नका. शहरातल्या पुराच्या गाळात गटाराचे पाणी असते, डिझेल असते, औषधे असतात. खाण्यापिण्याच्या भांड्याला ती माती चालणार नाही. शाळेतल्या तासाची उरलेली माती आणि कुंभारवाड्यातले न भाजलेले मोडके नग गोळा केले तरी आपल्याला पुरेल. आणि खाण्याच्या वाडग्याला रंगरंगोटी नको. बाजारातल्या कुठल्याही रंगात काय असते ते आपण बघत नाही. साधी भाजलेली मातीच देखणी दिसते. आणखी एक, भट्टी कुंभारदादांची वापरायची तर त्यांची मजुरी पूर्ण द्यायची. आपल्या कृतज्ञतेसाठी दुसऱ्याला फुकट राबवायचे, हे धम्मात बसत नाही.

वस्तू कोणती? छोटे वाडगे. विनयात भगवंतांनी भिक्खूंना लोखंडाचे किंवा मातीचे असे दोनच प्रकारचे पात्र वापरण्याची मुभा दिली होती. सोन्याचांदीचे पात्र वर्ज्य. तेव्हा वाडगे करणे आपल्या परंपरेला धरूनच आहे. त्याच्या बुडाला संस्थेचे नाव नको, अध्यक्षांचे नको, माझे तर नकोच. ज्याने केले त्याच्या अंगठ्याचा ठसा उठवा. आपल्या आजोबा-पणजोबांचा अंगठा सावकाराच्या कागदावर उठत होता, काय लिहिले आहे ते न कळता. आता तोच अंगठा आपण राजीखुशीने, आपल्या मर्जीने उठवू.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. द्यायचे कोणाला? आपण धन्यवाद देतो ते बहुधा स्टेजवरच्या माणसाला, ज्याचे नाव फलकावर असते त्याला. जो चिखलात उतरतो तो राहून जातो. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा तामिळनाडूत नागपट्टणमला मृतदेह उचलायला इतर गावांतून सफाई कामगार आणले होते. ते बहुतांश दलित होते. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी त्याची नोंद केली, म्हणून आपल्याला कळले. आपल्याकडेही महापुरानंतर दुसऱ्या शहरांतून सफाई कामगार आले. कुजलेले धान्य, मेलेली जनावरे, गटारातला गाळ त्यांनी उपसला. रोगराईपासून आपण वाचलो, त्यात त्यांचा वाटा मोठा. त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी कोणाला माहीत आहे का? ती माणसे बहुतेक आपल्याच रक्तानात्याची, आपल्याच समाजाची. 'त्यांचे कामच आहे ते' असे कोणी म्हणेल. खळ्यावर आपल्या आजोबांनाही हेच म्हणत होते!

म्हणून माझी विनंती अशी. या वर्षावासात दर रविवारी वंदना झाल्यावर दोन तास विहाराच्या मागच्या शेडमध्ये बसू. माती मी आणतो, शिकवतोही. दर घरामागे एक वाडगे. मुलांनी करावे, आजीने करावे, ज्याला जमेल त्याने करावे. वाकडे झाले तरी चालेल. आपल्या वॉर्डातले सफाई कामगार, होडी चालवणारी ती पोरे, आपल्याला शाळेत आसरा देणारा शिपाई, यांची यादी समितीने करावी. दुसऱ्या शहरांतून आलेल्यांपर्यंतही त्यांच्या कामगार संघटनांमार्फत पोहोचता येईल. आणि देताना त्यांना इथे बोलावून रांगेत उभे करायचे नाही. आपण त्यांच्या घरी जायचे. बसायचे. त्यांनी दिलेला चहा घ्यायचा. फोटो नको.

वाडगे आज ना उद्या फुटणारच. अनित्यता मातीइतकी स्वच्छ कोणी शिकवत नाही. फुटले तर त्यांना सांगा, तुकडे टाकू नका, आम्हाला परत द्या. आम्ही ते कुटून पुढच्या वर्षीच्या मातीत मिसळू.



जयभीम! नमो बुद्धाय!